टँकवर घड्याळ एकच

पुण्याहून दौंडला येणाऱ्या डेमूत तिकीट तपासायला एखादा टीसी आला आणि त्याचे खांदे दारात अडकतात की काय असं वाटलं, तर तो नागसेन सरांचा पोरगा आहे असं खुशाल समजावं. पोरगा म्हणजे पोटचा नव्हे. सरांना पोटची एकच मुलगी, आणि ती पाण्याला भिते, पण हा विषय दौंडात कुणी सरांसमोर काढत नाही. टँकवर घडली ती सरांची पोरं. कुणी रेल्वेत लागला, कुणी पोलिसात, दोघं नौदलात, आणि एकजण तर परदेशात जाऊन पदक गळ्यात घालून आला. बालेवाडीला स्पर्धा असली की मोठ्या क्लबांचे कोच, ज्यांच्या पोरांना खायला डबाबंद पावडरी आणि खांदे चोळायला वेगळा माणूस असतो, तेसुद्धा सरांना लांबून हात जोडतात. त्यात आदर किती आणि धाक किती, हे त्यांचं त्यांना ठाऊक.

टँक म्हणजे कॉलनीच्या पलीकडचा जुना जलतरण तलाव. तिथं हातपाय मारायला शिकण्याआधी एक नियम शिकावा लागतो: टँकवर घड्याळ एकच. पोरांनी मनगटी घड्याळ घालून यायचं नाही, मोबाइल पिशवीतून काढायचा नाही, आईबापांनी फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही. भिंतीवरचं घड्याळ सरांनी फार पूर्वीच उतरवून ठेवलं होतं. पोरानं भिंतीला हात लावला की सर गळ्यातलं स्टॉपवॉच बघणार, बटण दाबून ते शून्यावर आणणार आणि मगच वेळ सांगणार. आधी शून्य, मग आकडा. कुणी धीर करून कारण विचारलंच तर म्हणणार, "मागचं पुसल्याबिगर पुढचं दिसत न्हाई." असलं वाक्य ऐकलं की नवी पोरं भारावून जातात. एकेकाळी रश्मीही गेली होती.

रश्मी दौंडचीच. वडील चांगदेव रेल्वेत खलाशी, म्हणजे मदतनीस होते, आई ताईबाई. अकरा वर्षांची असताना सरांनी तिला भीमेच्या पात्रात पोरांबरोबर पोहताना पाहिलं आणि संध्याकाळी क्वार्टरवर येऊन चांगदेवांना म्हणाले, "पोरगी मला द्या." चांगदेवांनी दिली. पुढची सात वर्षं रश्मीनं टँकच्या तळाची काळी रेघ सोडून दुसरं जग पाहिलं नाही. रेल्वेच्या खेळाडू भरतीची निवड चाचणी जवळ आली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. निवडीला शंभर मीटर एक मिनिट आठ सेकंदांच्या आत पोहावं लागणार होतं. सर रोज म्हणत, एक-नऊ. ती जीव खाऊन पोहायची आणि सर शून्य करून म्हणायचे, एक-नऊ. तेवढ्यात शिरूरचं स्थळ आलं. आपल्यात तेवढी कुवतच नाही असं तिच्या मनानं घेतलं, आणि एका संध्याकाळी तिनं वडिलांना सांगितलं, "हो म्हणून कळवा."

नवरा सुमित रांजणगावच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन. शांत माणूस, दारूचं नाव नाही, आवाज चढवणं नाही. रश्मीही पुढे तिथल्याच दुसऱ्या एका कंपनीत पॅकिंगच्या लाइनवर सुपरवायझर झाली. संसार म्हणावा असा संसार झाला. फक्त टीव्हीवर पोहण्याच्या शर्यती लागल्या की ती उठून स्वयंपाकघरात जायची आणि नसलेली भांडी घासायची.

आणि मग तेजश्री झाली. शिरूरला घोड नदीच्या कडेनं फिरायला नेलेली ही पोर सहाव्या वर्षी हात सोडून पाण्यात घुसली, आणि रश्मीच्या मनात अठरा वर्षांची मुलगी जागी झाली. आता खरं ते सांगून टाकलेलं बरं. तेजूला काय हवंय हा प्रश्न रश्मीनं कधी विचारला नाही, कारण त्याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे अशी तिची खात्री होती. तेरा वर्षांची झाल्यावर तिनं पोरीला दौंडला ताईबाईकडे ठेवलं, तिथल्या शाळेत घातलं आणि सरांच्या हवाली केलं. सर म्हणाले, "आईपेक्षा चांगली हाय." हे ऐकून रश्मीला जो आनंद झाला, त्यात थोडं दुखलंही, पण तिनं ते मनावर घेतलं नाही.

दोन वर्षं गेली. तेजूची दहावी झाली आणि सुमितनं पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"हे बघ," तो म्हणाला, "पोरगी घरात नाही, मला करमत नाही. येत्या रविवारी पुण्याला ती निवड चाचणी आहे ना? शुक्रवारपर्यंत सरांच्या घड्याळात एक-पाचच्या आत येत असेल तर राहू दे तिला दौंडात, मी एक शब्द बोलणार नाही. नसेल येत तर शुक्रवारी मी तिला घ्यायला येतो, अकरावी घरूनच करू दे. तुझं झालं तसं तिचं नको."

यात चूक काय काढणार? रश्मीनं कबूल केलं. नेमका त्याच आठवड्यात ताईबाईच्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, त्यासाठी रश्मीनं रजा टाकली आणि शिरूरहून एसटीनं केडगाव, तिथून डेमूनं दौंड अशी ती माहेरी आली. आईच्या डोळ्यात औषधाचे थेंब घालायचे आणि सकाळी टँकवर जायचं. जुनी विद्यार्थिनी म्हणून सरांनी तिला फाटकाच्या आत घेतलं. मागच्या पायरीवर बसायचं, बोलायचं नाही, एवढ्या अटीवर.

सोमवारी सर म्हणाले, "तेजश्री, एक-सहा." एक सेकंद जास्त होता.

मंगळवारी सुमितचा फोन आला. त्याच्या पुतण्यांना तेजू पोहताना बघायची होती, एखादा व्हिडिओ पाठव म्हणाला. रश्मी घुटमळली. चाळिशीची बाई, हाताखाली पंचवीस बायका, पण टँकवर मोबाइल काढायचा म्हटल्यावर तिनं आधी दोनदा सर कुठं बघतायत ते पाहिलं. तरी काढला, ओढणीच्या आड धरून. सरांच्या शिट्टीपासून भिंतीला हात लागेपर्यंत सगळं त्यात आलं, अगदी शेवटी सरांचा आवाजही: "एक-सहा!"

दुपारी ताईबाई डोळ्यांवर काळा चष्मा चढवून पडली होती. रश्मी खाटेच्या कडेला बसून व्हिडिओ पाठवण्याआधी बघत होती. व्हिडिओच्या खाली आकडे पळत होते. शिट्टी वाजली तेव्हा काय होते, हात लागला तेव्हा काय होते, तिनं सहज वजाबाकी केली. एक-चार आलं.

आपलंच गणित चुकलं असं तिला वाटलं. पुन्हा बघितलं. मग सातव्यांदा की आठव्यांदा बघितलं तेव्हा ताईबाई म्हणाली, "अगं किती येळ ती शिट्टी वाजवतीस? डोकं उठलं माझं."

रश्मीनं व्हिडिओ सुमितला पाठवला नाही. बुधवारी सकाळी पुन्हा ओढणीआड मोबाइल धरला. सर म्हणाले एक-सहा. मोबाइल म्हणाला एक-चार. मोबाइलला काही कुणाचं बरंवाईट करायचं नसतं.

पोरं कपडे बदलायला गेली. तेजू आजीकडे निघून गेली. सर एकटेच लेनचे दोर गुंडाळत होते. साठी उलटलेली, तरी पाठ ताठ, पांढरी टोपी, गळ्यात ते घड्याळ. रश्मी पायरीवरून उठली. आता माघार घेतली तर पुन्हा धाडस होणार नाही हे तिला कळत होतं.

"सर, तेजूचं किती आलं?"

"सांगितलं की. एक-सहा."

"माझ्या मोबाइलवर एक-चार आलंय. कालही एक-चारच होतं."

सरांचे हात थांबले. त्यांनी वळून पाहिलं ते रश्मीकडे नव्हे, तिच्या हातातल्या मोबाइलकडे.

"टँकवर मोबाइल काढलास?"

"काढला."

"नियम ठाव हाय ना तुला?"

"आहे ना. सात वर्षं पाळलाय. म्हणून तर विचारतेय, सर. घड्याळ बिघडलंय का तुमचं?"

हे शेवटचं ती मुद्दाम म्हणाली. त्यांना पळवाट हवी असेल तर घेऊ देत, असं तिला वाटलं. खरं तर घड्याळच बिघडलेलं असावं अशी तिची फार इच्छा होती. सरांनी पळवाट घेतली नाही. ते उडी मारायच्या चौथऱ्यावर बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

"घड्याळाला काय धाड भरलीय? दोन सेकंद मी चढवून सांगतो."

"तेजूला?"

"सगळ्यांना. पहिल्यापासनं."

सगळ्यांना. काल दुपारपासून रश्मीच्या मनाच्या दाराशी एक गोष्ट येऊन उभी होती आणि तिनं कडी लावून घेतली होती. आता कडी निघाली.

"मला?"

"तुलाबी."

नऊमधून दोन गेले, सात. निवडीला आठ पुरत होते. लाइनवर डागी बॉक्स आला की बाजूला काढायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात हिशेब झाला.

"का, सर?"

नागसेन सर कधी लांबण लावणारे नव्हते. आताही त्यांनी लावली नाही. "मी तुझ्यापेक्षा लहान असताना पुण्याला गेलो व्हतो निवडीला. बापानं उसनी चड्डी आणली व्हती. मी आन् शेजारच्या लेनचा पोरगा, दोघांचा हात एकदमच लागला. पंच म्हणाले, दोघं बरोबर. मग आडनावं विचारली. गेला तो दुसरा. तवा ठरवलं. आपल्या पोरानं बरोबर येऊन भागत न्हाई. दोन सेकंद पुढं असलं तरच बरोबर धरत्यात. मग त्याला दोन सेकंद मागं हाय असंच सांगायचं. पोरगं आपसूक वर सरकतं. नाव मी गुपचूप पाठवतो आन् चाचणीच्या आदल्या दिशी सांगतो, चल. एकबी पोरगं मागं फिरलं न्हाई."

"मी फिरले."

सरांनी अर्धवट गुंडाळलेला दोर पायानं बाजूला सारला.

"माझंही नाव पाठवलं होतं?"

"व्हय."

"मग मला सांगायला का नाही आलात?"

"आलो व्हतो की. तू चहा दिलास मला. शिरूरची माणसं बसली व्हती, सुपारी फुटली व्हती, चांगदेव पेढा घेऊन पुढं आला." सरांनी घसा साफ केला. "एवढ्या माणसांत कसं सांगू, का मी पोरीशी खोटं बोललो? तोंड उघडंना माझं. म्हणालो, पोरगी गुणाची हाय, आन् आलो निघून."

रश्मीला तो चहा आठवला. सर बशीत ओतून घाईनं प्यायले होते आणि तिला वाटलं होतं, आपण टँक सोडला म्हणून रागावलेत. ती त्या रात्री त्याबद्दल रडली होती. बावीस वर्षं ती स्वतःला कमी कुवतीची समजत आली, सरांची अपराधी समजत आली. आणि हा माणूस सगळं ठाऊक असून गावात मानानं हिंडत होता. तिला इतका राग आला की काही क्षण समोरचं नीट दिसेना.

"तुमच्या एका आकड्यावर मी लग्नाला हो म्हणाले, सर."

"सुमित वाईट हाय का गं?"

"नाही ना वाईट! वाईट असता तर तुम्हाला चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. आता कुणाला देऊ?"

सर मान खाली घालून टोपीची किनार चाचपत राहिले. मग हळूच म्हणाले, "एवढी पोरं लागली कामाला, रश्मे. त्यांची घरं उभी राहिली."

"खोटं बोलून."

"खोटं बोलून," सरांनी मान्य केलं. "तुझ्यासारखी आनखी कुणी गळाली आसंल. मी कवा मोजायला गेलो न्हाई."

"तेजूचं नाव?"

"सोमवारीच गेलंय. शनिवारी सांगणार व्हतो."

"आणि शुक्रवारी तिचा बाप तिला शिरूरला घेऊन जाणार होता! पुन्हा चहा पिऊन गेला असतात?"

हे सरांना लागलं. त्यांच्या तोंडावरचा ताठपणा गेला आणि एक थकलेला म्हातारा उरला. रश्मीला त्यांची कीव आली नाही. यायला हवी होती असं तिला नंतर वाटलं, पण तेव्हा नाही आली.

"जा," सर म्हणाले. "तूच सांग तिला. एक-चार हाय म्हणावं. संध्याकाळी सगळ्या पोरांम्होरं मी सांगतो."

चढत्या उन्हात रश्मी घरी निघाली ती जवळजवळ पळतच. एका डोळ्यात आसू, एका डोळ्यात हसू असं म्हणतात, तिचं अगदी तसंच झालं होतं. स्वतःचं जे गेलं ते गेलं. पण पोरीचं तिनं वाचवलं होतं. आपल्या वेळी कुणी तरी असं धावत यायला हवं होतं, आणि आज आपणच धावत चाललोय, हा विचार तिला फार गोड वाटला. सुमितला फोन तेजूला सांगितल्यावरच करायचा, तिनं ठरवलं. आधी मान पोरीचा.

घरात ताईबाई खाटेवर बसून अंदाजानं लसूण सोलत होती. तेजू खाली फरशीवर बॅग भरत होती. शाळेचे कपडे, उशीचा अभ्रा, वाढदिवसाला मिळालेला पांढरा टेडी. सगळं नीट घड्या घालून. पोरीनं आस सोडली, असं रश्मीला वाटलं.

"ठेव ती बॅग," ती म्हणाली. "कुठं जायचं नाही. तुझा टाइम एक-चार आहे. सर दोन सेकंद चढवून सांगत होते. मी भांडून आले त्यांच्याशी. नावही गेलंय तुझं. रविवारी तू पुण्याला पोहायचंस!"

तेजूनं उडी मारली नाही. गळ्यातही पडली नाही. ती टेडीचा कान धरून बसून राहिली.

"सर स्वतः म्हणाले?"

"हो गं, स्वतः."

"म्हणजे आता पप्पांना पण कळणार."

रश्मीला काही उमगेना. "कळणारच. का? अगं, एक-चार, तेजू!"

"माहितीये मला."

"काय माहितीये?"

"एक-चार. सगळ्यांनाच माहितीये, मम्मी. सरांनी सांगितलं की दोन वजा करायचे. पहिल्याच महिन्यात मोठ्या मुली सांगतात. फक्त सरांना कळू द्यायचं नसतं, त्यांना वाईट वाटेल म्हणून." मग जरा चाचरत तिनं विचारलं, "तुला कुणी नव्हतं सांगितलं?"

रश्मीच्या वेळी टँकवर दहा-बारा पोरं होती. त्यातली पाच नोकरीला लागली. तेव्हाही वजा करत होती का ती पोरं? तिला कुणी सांगितलं नव्हतं, की कुणी कुजबुजलं होतं आणि सरांविषयी असं बोलतात म्हणून तिनंच कान झाकले होते? पुष्कळ आठवूनही तिला ते आठवेना, आणि आता ते विचारायचं तरी कुणाला?

"मग तू पप्पांना का नाही सांगितलंस?" तिनं विचारलं. "एक-पाचच्या आत असेल तर ते राहू देणार होते तुला. तुलाही फोनवर सांगितलं होतं."

उत्तर खाटेवरून आलं.

"राह्यचं आसंल तर सांगंल ना ती," ताईबाई लसणीची पाकळी चाचपत म्हणाली.

मग पोर रडायलाच लागली. दोन वर्षांत रश्मीनं तिला रडताना पाहिलं नव्हतं. टँकवर डोळे कायम लालच असतात, कोण बघतं? "मला नको गं पाणी आता. केसांना वास येतो, जेवणाला वास येतो. झोपेत पण ती काळी रेघच दिसते. मला घरी यायचंय, मम्मी. शिरूरला कॉलेजला जायचंय, सकाळी उशिरा उठायचंय. मला वाटलं, सर एक-सहाच म्हणत राहिले की मी आपोआप सुटेन. कुणालाच काही सांगावं लागणार नाही."

"आणि हे आत्ता सांगतेस?" रश्मीचा आवाज चढला. "मी त्या माणसाला तोंडावर खोटारडा म्हणून आले तुझ्यासाठी! काय कमी केलं तुला?"

"काहीच नाही."

"नको होतं तर हळू पोहायचंस. खरंच एक-सहा लावायचंस. कुणी अडवलं होतं?"

तेजूनं डोळे पुसले आणि फार अजब वाटावं अशा सुरात म्हणाली, "येत नाही हळू पोहायला. खूप वेळा करून बघितलं. सरांची शिट्टी वाजली की मला हळू पोहताच येत नाही."

रश्मीलाही कधी आलं नव्हतं.

ती भिंतीला टेकून बसली. काय काय तिच्या मनात आलं ते सगळंच काही चांगलं नव्हतं. पोरीच्या दोन मुस्कटात द्याव्यात असं वाटलं. सुमितला फोन करून एक-चार एवढंच सांगावं, पुढचं सांगूच नये, असंही वाटलं. पंधरा वर्षांच्या पोरीला काय कळतं, रविवारी एकदा पोहली की निवड झालेली बघून आपोआप आवडेल. त्या विचाराचा तिला एवढा मोह झाला की तिनं मोबाइल हातात घेतला, नाव काढलं, बोट टेकवायचं तेवढं राहिलं. आणि तेव्हा तिला समोर बसलेली तेजू दिसली. पोर आईच्या बोटाकडे बघत होती. काही बोलत नव्हती, विरोधही करत नव्हती. आईनं फोन लावला असता तर ती मुकाट्यानं बॅग रिकामी करायला लागली असती.

रश्मीनं मोबाइल पालथा घालून ठेवला.

संध्याकाळी त्या दोघी टँकवर गेल्या तेव्हा सरांनी सगळ्या पोरांना काठावर बसवलं होतं. दाढी केली होती, टोपी धुतलेली होती. तेजूला पाहताच त्यांनी तिला पुढं बोलावलं आणि गळ्यातलं घड्याळ काढून तिच्यासमोर धरलं. त्यावर शून्य नव्हतं. सकाळी पुसलेला आकडा त्यांनी घड्याळ पुन्हा चालवून त्यावर आणून ठेवला होता. पोरांमध्ये खसखस झाली आणि लगेच विरली. सरांच्या इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"बघ," सर म्हणाले. "सोताच्या डोळ्यानं बघ. एक-चार. आन् हे सगळ्यांनी ऐका, आजपासनं..."

"सर," रश्मी म्हणाली, "जरा इकडं येता का?"

ती त्यांना बाजूला, फाटकाकडे घेऊन आली. पोरांसमोर बोलणं तिला बरं वाटलं नाही. ज्यानं तिची बावीस वर्षं घेतली त्याचा मान तिनं का राखला, हे तिलाही सांगता आलं नसतं.

"तेजूचं नाव काढून घ्या."

"आं? अगं, सकाळी तर..."

"सकाळी मला वाटलं ते बोलले. तिला नाही पोहायचं."

"कोण म्हणतं?"

"ती म्हणते."

सरांना हे खरंच कळेना. त्यांनी काठावर उभ्या तेजूकडे पाहिलं, तिचे खांदे पाहिले, लांब हात पाहिले. आयुष्यात असले हात दोन-तीनदाच सापडतात आणि त्यातले दोनदा एकाच घरात सापडले होते. "पोरसवदा हाय ती," ते म्हणाले. त्यांचा आवाज विनवणीचा झाला होता, आणि रश्मीनं तो तसा कधीच ऐकला नव्हता. "आज न्हाई म्हणतीय. धा वर्सांनी तुला विचारंल, आये, मला का रेटलं न्हाईस? तवा काय सांगशील?"

रश्मीला तो प्रश्न अगदी वर्मी लागला, कारण दुपारपासून तीही स्वतःला तेच विचारत होती आणि त्याचं उत्तर तिला सापडलं नव्हतं.

"विचारेल कदाचित," ती म्हणाली. "विचारू दे. मी तिथंच बसून राहीन तिच्यासमोर. ऐकून घेईन."

सरांनी हातातलं घड्याळ गळ्यात घातलं. बोट सवयीनं बटणावर गेलं, आणि तिथंच थांबलं. मग ते पाठ फिरवून पोरांकडे गेले, पण शिट्टी काही त्यांनी बराच वेळ वाजवली नाही.

रस्त्याला लागल्यावर रश्मीनं सुमितला फोन केला. टाइम एक-चार आलाय, आणि तेजू घरी येतेय, असं दोन्ही सांगितलं. सुमित म्हणाला, "म्हणजे? मला काही समजलं नाही." रश्मी म्हणाली, घरी आल्यावर सांगते. तिला रडू येत होतं आणि आता ते थांबवायचं काही कारणही नव्हतं. येणारेजाणारे बघत होते. दौंडात तिला ओळखणारे अजून बरेच होते.

तेजू थोडी मागून चालत होती. तिनं पावलं उचलून आईला गाठलं.

"मम्मी, तू माझ्यावर रागावलीस का?"

"हो," रश्मी म्हणाली. "खूप रागावलेय. तू चल."